गडग्यावरून आलेलं पाणी

मी रागीट माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी काय काय बोललो ते ऐकून तुम्हाला धक्का बसायला नको. बारा वर्षं मुंबईत नळजोडणीची कामं केली. गिरगावात, परळला, चार-चार माळ्यांवर पाणी चढवलं. हाताखालच्या माणसांवर ओरडून घसा असा झालाय की प्रेमानं बोललो तरी लोकांना वाटतं, भांडतोय. काशी, माझी बायको, म्हणते, "तुमच्या जिभेलाच आधी एक तोटी बसवा." बसवायला हवी होती, खरंच.

साल एकोणसाठ. मोठी रजा काढून दिवेआगरला आमच्या वाडीच्या कडेला मी चिऱ्याचं नवं घर बांधायला काढलं. तीन खोल्या, पुढं पडवी, वर मंगलोरी कौलं. गावाला वाटलं, बाळाजी मुंबईहून आलाय, आता मिरवणार. थोडं मिरवायचं होतंच, खोटं कशाला बोलू? पण घर बांधलं ते आईसाठी. आणि त्यातही एका तोटीसाठी.

आईचे डोळे त्याआधी सहा वर्षं गेले होते. काशी दिवसभर शेतावर नाहीतर वाडीत, मी मुंबईत, घरात आई एकटी. एकदा रांजणाच्या तळातलं पाणी काढायला वाकली आणि रांजण अंगावर घेऊन पडली. तेव्हापासून काशी सकाळी तिच्या उशाशी एक तांब्या भरून ठेवी. तो संपला की आई पडवीत बसून वाटेवरच्या पावलांची चाहूल घेई. मी एकदा रजेवर आलो, वळकटी खांद्यावर, अंगणात शिरतोय तर आई म्हणाली, "कोण जातंय? घोटभर पानी द्याल का जरा?"

पोटच्या पोराला तिनं "द्याल का" म्हटलं. मी वळकटी तिथंच टाकली. तिला पाणी दिलं आणि तिथंच ठरवलं की हिला पाण्यासाठी कुणाच्या तोंडाकडं बघायला लागणार नाही असं घर बांधायचं.

आता पाणी कुठून आणायचं? गावात नळाची योजना नव्हती. आमची विहीर वाडीत, तीही भागोजीकाकांच्यात आणि आमच्यात सामाईक. भागोजीकाका म्हणजे शेजारचे, सत्तरी गाठलेले, अंगानं काटक. रोज पहाटे त्यांचा रेडा रहाटाला जुंपलेला असे. रहाटाची गाडगी वर येऊन डोणीत रिकामी होत, आणि तिथून पोफळीच्या पन्हळींतून पाणी झाडांना जाई. दुपारी रेडा सोडला की काका एक कळशी खांद्यावर घेऊन आमच्या रांजणात ओतून जात. सहा वर्षं हे चाललं होतं, आणि एकदाही त्या माणसानं ते कुणाला बोलून दाखवलं नाही.

मी कागद घेतला, दोरी घेतली, मापं टाकली. रहाटाच्या डोणीपाशी चौथऱ्यावर सिमेंटची टाकी. रहाट सकाळी ती भरणार, टाकीतून एक इंची जस्ताचा पाइप जमिनीवरून घरापर्यंत. घरात शिरला की तो भिंतीच्या बाहेरून, आईच्या तळहाताच्या उंचीवर, तिच्या खाटेपासून थेट स्वयंपाकघरातल्या तोटीपर्यंत. गवंडी म्हणाला, "भिंतीवर आतडं लटकल्यासारखं दिसेल हो." म्हटलं, दिसू दे. तुझ्या आईला दाखवायचं नाहीये. पाइप मुंबईहून मचव्यानं, म्हणजे शिडाच्या होडीनं, दिघीला आणले आणि तिथून बैलगाडीनं घरी.

घोडं अडलं ते गडग्यापाशी. गडगा म्हणजे वाडीभोवतीची चिऱ्यांची कमरेएवढी भिंत. पाइपाची सरळ रेघ जिथं गडग्याला भिडत होती, नेमका तिथंच पायथ्याला वाडीच्या राखणदाराचा शेंदरी दगड. मी पहार मागवली तशी आई काठी टेकत बाहेर आली.

"बाळाजी, राखणदाराच्या पायाशी पहार लावू नको रे."

"आये, वीतभर खणायचंय. राखणदार काय पळून जाणार आहे?"

"तो न्हाय जायचा. आपल्याला जाया लागंल," ती म्हणाली.

वळसा घालावा तर पाइप पुरत नव्हते. आईचं मन मोडवेना. शेवटी ठरवलं, गडग्याखालून नको तर वरून. टाकीचा तळ गडग्यापेक्षा वीतभर उंच होता. म्हणजे पाणी गडगा चढणारच, ते न चढून सांगतं कुणाला!

भागोजीकाका तिथंच उभे राहून बघत होते. विडी विझवून म्हणाले, "वर चढवून परत खाली सोडलास तर मधी वारा कोंडंल, पोरा."

झालं, माझी सटकली. "काका, जन्म गेला तुमचा रेड्याच्या मागून फिरण्यात. मी चार माळे पाणी चढवतो. तुमच्या गडग्याचं मला कौतुक सांगू नका."

काकांनी विडी कानावर अडकवली आणि रेड्याकडं गेले. काशी पडवीतून माझ्याकडं अशी बघत होती की दुसरा कुणी असता तर मातीत गेला असता. मी सुतळी आणि सफेदा लावून जोड आवळत बसलो.

पाइप बसल्यावर आई आठ दिवस सराव करत होती. खाटेवरून उठायचं, पाइपावर हात ठेवायचा, चालत चालत तोटीपाशी. "धा पावलं," ती काशीला सांगे, "धा पावलं आनि माझं पानी." शेजारपाजारच्या बायका आल्या की त्यांनाही चालून दाखवी. तोटी कोरडीच होती अजून. मी ठरवलं होतं, पहिलं पाणी वास्तुशांतीच्या दिवशी, आईच्या हातानं, सगळ्या गावासमोर. मिरवायची खाज, दुसरं काय!

वास्तुशांत झाली. पंगत बसायच्या आधी सगळी मंडळी स्वयंपाकघराच्या दाराशी गोळा झाली. टाकी काठोकाठ भरलेली. मी जाऊन तिची चावी पूर्ण उघडली आणि धावत आत आलो. आईला काशीनं नवं लुगडं नेसवलं होतं. एका हातात तांब्या धरून तिनं दुसऱ्या हातानं तोटी फिरवली.

तोटी फुसफुसली. चार थेंब थुंकली. आणि गप्प.

"येतंय का रे?" आईनं विचारलं.

"येईल, थांब."

थांबली. सगळे थांबले. तोटीतून आवाजसुद्धा येईना. मी धावत टाकीपाशी गेलो, पाणी होतं. जोड तपासले, एकही गळत नव्हता. पान्यानं पाइप बडवला. परत आलो तर आई तशीच उभी, तांब्या तोटीखाली धरून, चेहऱ्यावर हसू ठेवून. मागून कुणीतरी खुसखुसलं. कुणीतरी म्हणालं, "मुंबईच्या पान्याला मचव्यात बोट लागली जनू, वाटेतच ओकत बसलंय."

"येईल येईल," आई लोकांना म्हणाली. "घाई कसली? नवं हाय अजून." माझी अब्रू राखत होती ती. आणि मी काय केलं असेल? मी तिच्यावरच ओरडलो.

"तुझ्या त्या राखणदारापायी झालं हे! खालून नेला असता तर आत्ता धो धो आलं असतं. घे आता, बस त्या दगडाला पाणी मागत!"

आईनं तांब्या चाचपत ओट्यावर ठेवला, पाइपावर हात ठेवला आणि धा पावलं चालून खाटेवर जाऊन बसली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. पंगतीला पाणी शेजारच्या बायकांनी कळशांनी आणलं. दुसऱ्या दिवशी माझी रजा संपत होती. पाणी न आणता मी गेलो असतो, तर आई पुन्हा पडवीत बसून पावलं ऐकणार होती, आणि या वेळी मी तिला ते दगडाकडं मागायला सांगून जाणार होतो.

काशी ताटं उचलता उचलता हळू म्हणाली, "भागोजीमामा जेवायला आले न्हाईत. जा."

"कशाला?"

"कशाला ते तुम्हांला म्हायतीय."

माहीत होतंच. वाटेत तीनदा परत फिरावंसं वाटलं. पण काका घरी नव्हतेच. ते गडग्यापाशी होते. राखणदाराच्या दगडाशेजारी उकिडवे बसून, पाइपाला कान लावून. कोयत्याच्या मुठीनं पाइपावर हळूच ठोकत ठोकत पुढं सरकत होते.

मी जवळ जाऊन उभा राहिलो. "काका, चुकलो मी," असं म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "ऊन लागेल तुम्हाला."

"ऐक," ते म्हणाले. गडग्याअलीकडं ठोकलं, आवाज भरलेला. गडग्यावर ठोकलं, पोकळ. "हितं पानी न्हाय. हितं वारा हाय. पानी दोन्ही अंगानी येऊन दाबतंय, आनि त्याला बाहेर जायाला वाट न्हाय."

माझ्या डोक्यात लख्ख झालं. मुंबईत उंच टाकीचा जोर इतका असतो की वारा आपोआप ढकलला जातो. बारा वर्षांत मला कधी त्याचा विचार करावाच लागला नाही. इथं जोर हात-दीड हाताचा. तेवढ्या पाण्यानं कोंडलेला वारा हलणार कसा?

"तुम्हाला कसं कळलं?"

"आमी पन्हळीचं पानी पायवाटेखालून नेतो ना, खापराच्या नळातून? तो जितं उचलतो तितं वर एक भोक ठेवायचं. नाकपुडी म्हन्तो आमी. पान्याला श्वास लागतो." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "नाकपुडीचंबी सांगितलं असतं तुला तवाच. पन तू चार माळ्यांवर होतास."

मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदमच. मी तिथं वाडीत, शेणामातीत, त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. "ऊठ, ऊठ," काका म्हणाले, "पाया पडून पानी येत नसतं. पाना आन."

पाना आणला. पेटीत एक टी उरला होता, तीन तोंडांचा जोड. गडग्यावरचा वळणाचा जोड, एल्बो, काढून तिथं टी बसवला. त्याच्या वरच्या तोंडात उरलेल्या तुकड्याचा उभा पाइप, टाकीच्या काठाहून उंच, म्हणजे वारा जाईल पण पाणी सांडणार नाही. काकांनी सुतळी गुंडाळली, मी आवळलं. राखणदाराला धक्काही लागला नाही. टाकीची चावी उघडली तशी उभ्या पाइपातून मोठा सुस्कारा निघाला, कितीतरी वेळ. काका त्यावर तळहात धरून हसत होते.

घरातून काशी ओरडली, "आलं! अहो, आलं!"

मी धावलो. तोटी वाहत होती. आधी गढूळ, मग स्वच्छ, बोटाएवढी धार. आई खाटेवरून उठली होती. मी तिच्यासमोर जाऊन म्हणालो, "आये, राखणदाराचा दोष नव्हता. माझा होता. भागोजीकाकांमुळं आलं पाणी."

"ठाव हाय," ती म्हणाली. "त्याला बसव. आनि कुनी माझ्या मधी येऊ नका."

ती तोटीपाशी गेली. तांब्या भरला, वाहेपर्यंत. फडताळ चाचपून गुळाचा खडा काढला आणि कुणाचाही हात न धरता पडवीत येऊन म्हणाली, "भागोजी, कुठं बसलायस?"

"हितं, वैनी."

"हे घे. सहा वर्सं मी तुझं पानी प्याले. आज माझं पी." काकांनी दोन्ही हातांनी तांब्या घेतला. त्यांचं पिणं नीट होईना, दाढीवर सांडत होतं. मी उघड उघड डोळे पुसले. लाज कसली?

मग आई पुन्हा आत गेली आणि स्वतःसाठी तांब्या भरला. उभ्या उभ्या सगळा प्याली. पुन्हा भरला, पुन्हा प्याली. तिसरा भरला तशी काशी घाबरली.

"आत्याबाई, पुरे ना. पोटात दुखंल."

आई थांबली. श्वास घेतला, तोंडावरून हात फिरवला. "न्हाय ग, दुखत न्हाय," ती म्हणाली. "डोळं गेल्यापासनं पोटभर पानी न्हाय प्याले मी. सकाळचा तांब्या दिसभर पुरवायचा. दोन घोट आता, दोन घोट मंग. लईच कोरड पडली तर कुनाला तरी घोटभर मागायचं. घोटभरच. जास्ती मागाया लाज वाटायची."

सकाळचा तो तांब्या भरणारी काशी तोंड फिरवून उभी राहिली. भागोजीकाका दारात आले होते, "वैनी, मला सांगायचं होतंस," एवढंच म्हणाले. मी मुंबईत किती घरांत पाणी पोचवलं, त्याचा हिशोब मला त्या क्षणी सुचेना. ज्यांना राग येतो त्यांना त्या वेळी नेमका कुणावर काढावा ते कळत नाही. मला कळलं होतं, माझ्यावरच, पण आई माझ्याकडं वळून म्हणाली, "बाळाजी, तोटी बंद करू नको इतक्यात. लई गोड हाय रे पानी. देव तुझं आनि भागोजीचं भलं करो."

आणि तिनं तिसरा तांब्या तोंडाला लावला.