गावकीची खोली

लालबागच्या त्या चाळीत दुसऱ्या माळ्यावर गावकीची खोली होती. गिरण्या चालू होत्या तेव्हा कोकणातल्या एकाच गावचे पुरुष पाळीपाळीनं तिथं झोपायचे. त्यांना दोन वेळ जेवू घालायची ती शेजारची जाईबाई. एवढी वर्षं तिनं ताटं उंबऱ्यापर्यंत नेली, पण आत पाऊल टाकलं नाही. बायकांनी त्या खोलीत जायचं नाही, ही गावकीची रीत.

गिरण्या गेल्या, पुरुष डोंबिवली-विरारला पांगले. आता खोली उघडायची ती फक्त बैठकीला. आणि यंदा गावची अक्षता समाजशास्त्रात एम.ए. करायला आली. वसतिगृहात जागा नाही, जाईबाईच्या घरात सून-नातवंडांची दाटी. कुठं सोय झाली नाही तर परत गावी, आणि बापानं बघून ठेवलेल्या मुलाशी लग्न.

म्हणून जाईबाई रविवारच्या बैठकीला दारात येऊन उभी राहिली. मागं अक्षता, हातात बॅग. रिकामी खोली पोरीला द्या, म्हणाली.

अध्यक्ष दगडू तिच्याच हातची आमटी खाऊन म्हातारा झालेला. पोर हुशार आहे, कबूल, पण रीत पडली ना काकी, म्हणाला.

"कोणी पाडली?"

"समाजानं."

आदल्या दिवशी अक्षतानं तिला आपला विषय समजावला होता. माणूस समाजाला घडवतो की समाज माणसाला, याचा अभ्यास. जाईबाईला हसू आलं होतं. त्यासाठी कॉलेज कशाला, चाळीच्या नळावर उभं राहावं.

"समाज इथंच बसलाय की," ती म्हणाली. "गणपत, तुझी हरकत आहे?"

गणपतची नात नर्स, रात्रपाळी करते. त्याचं काहीच म्हणणं नव्हतं, फक्त दौलतला आवडणार नाही. दौलत म्हणाला, मला कशाला मध्ये घेता, दगडूला चालायला हवं. दगडू म्हणाला, मी तर गणपतदादासाठीच अडून बसलोय. मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

दगडू मात्र हलला नाही. "एकेकट्याचं वेगळं, काकी. सगळ्यांचं मिळून जे होतं ते वेगळंच असतं."

"काका बरोबर बोलतायत, आजी," अक्षता हळूच म्हणाली. "एकेकाला विचारून ते जात नाही."

"मग कशानं जातं गो?"

"कोणीतरी मोडलं की."

जाईबाईनं चौकट धरली, दुखरा गुडघा उचलला आणि आत आली. खोली तिला वाटली होती त्याहून बरीच लहान निघाली. भिंती चुलीच्या धुरानं नाही, बिड्यांनी काळ्या. एवढ्याशा जागेचा एवढा दरारा! ती सरळ बैठकीच्या मधोमध सतरंजीवर बसली.

"ये गो, ठेव बॅग. आज मी पण इथंच झोपणार. ज्याला काढायचंय त्यानं हाताला धरून काढावं. दगडू, तू ये आधी."

कुणी उठलं नाही. मग गणपत उठला, पण तो पोरीची बॅग खोलीतल्या पोटमाळ्यावर चढवायला.

दगडूनं टोपी काढून मांडीवर ठेवली. "गावातून फोन येईल. मी काय सांगायचं?"

"सांग, जाईबाई आत बसलीय. पुढचं विचारायचं असेल तर फोन माझ्याकडं दे."