दस्ता मामाच्या घरी

मी शिकारीची रायफल बोलतेय. पण आधी सांगा, तुम्ही कोण, आणि तुम्हाला माझ्याकडे धाडलं कोणी? राग मानू नका. माझा स्वभावच संशयी, आणि त्याला कारणही तसंच आहे. माझं निम्म्याहून अधिक आयुष्य मी अर्धीच होते. माझा दुसरा अर्धा भाग ज्याच्या घरी होता, तो माणूस चुगलखोर आहे, हे मी भिंतीआडून वर्षानुवर्षं ऐकलंय.

माझा जन्म जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतातल्या झूल गावचा. तिथे गल्लोगल्ली बंदुका घडवणारे. एकाने माझी नळी घडवली, दुसऱ्याने अक्रोडाचा दस्ता कोरला, तिसऱ्याने पोलादावर ओकच्या पानांत लपलेलं हरीण काढलं. मला चाप दोन. मागचा ओढून ठेवला की पुढचा नुसत्या स्पर्शाने सुटतो. इतक्या हलक्या चापाची मी, भरवसा ठेवणार तरी कोणावर?

मला घेतलं ओट्टोमारने. तो डोंगरातल्या एका खेड्यात वनरक्षक होता. त्याच्या बायकोचा भाऊ फोल्कमार सुतार होता, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. मला घेऊन एक रविवार हा जंगलात जायचा, एक रविवार तो. मांस दोन्ही घरी शिजायचं. तेव्हा कोणी कोणाला काही विचारत नसे.

मग जर्मनी युद्ध हरली. परकं सैन्य गावात आलं आणि फर्मान निघालं, बंदूक लपवेल त्याला गोळी. ओट्टोमारचा मला देऊन टाकायला जीव होईना. फोल्कमारने स्वयंपाकघराच्या टेबलावर माझे स्क्रू काढले.

"नळी तुझ्याकडे, दस्ता माझ्याकडे," तो म्हणाला. "झडती झालीच तर सापडेल ते भंगार, बंदूक नव्हे."

"आणि मार पडला की तू माझं नाव सांगशील."

"मग तूही माझं सांग. फिट्टंफाट."

दोघंही हसले. मला ते हसणं तेव्हाच खटकलं होतं.

ओट्टोमारने मला, म्हणजे माझ्या नळीला, जुन्या कोटात गुंडाळून शेळ्यांच्या गोठ्याच्या दगडी भिंतीत चिणलं. काही वर्षांनी, एका शरद ऋतूत, कोणीतरी त्याचं नाव वर कळवलं. घर उलथंपालथं केलं, काही सापडलं नाही, तरी त्याला तुरुंगात नेलं. पाठोपाठ फोल्कमारला सक्तीने युरेनियमच्या खाणीत कामाला धाडलं. आमच्या घरात म्हणायचे, धाडलं कसलं, चुगलीचं बक्षीस म्हणून नोकरी दिली.

ओट्टोमार सुटून आला तो खोकत आला. शेळ्यांची धार काढताना एकटाच पुटपुटायचा, "स्वच्छ असता तर आला असता ना भेटायला. एकदा तरी आला असता." फोल्कमार काही आला नाही. हाही गेला नाही. पुढे फोल्कमार वारला, तर मेहुण्याच्या अंत्ययात्रेलासुद्धा नाही. आणि भिंतीत बसून मी मान डोलवायची. आलाच नाही म्हणजे त्याच्या मनात पाप आहे, दुसरं काय!

ओट्टोमार गेला, शेळ्याही गेल्या. पूर्व-पश्चिम जर्मनी एक झाली, आणि गाडीसाठी जागा हवी म्हणून त्याच्या मुलीने, गेर्लिंडेने, गोठा पाडला. गवंड्याच्या हाताला मी लागले. बातमी गावभर व्हायला कितीसा वेळ लागतो? चार दिवसांत पश्चिमेकडचा एक दातांचा डॉक्टर चकचकीत गाडीतून हजर. डॉक्टर हार्टविग. त्याला झूलच्या जुन्या बंदुका जमवायचा नाद. माझ्या नळीत दिवा धरून त्याने किडकी दाढ बघावी तसं बघितलं.

"अरेरे, किती गंज. पण नक्षी बघा, काय हात होता. दस्ता कुठाय?"

"मामाच्या घरी," गेर्लिंडे म्हणाली. "असला तर."

त्या 'असला तर'मध्ये तिचं सगळं आयुष्य अडकलं होतं. दस्ता नसेल, तर मामाने तो नेऊन दिला आणि वडिलांचं नाव सांगितलं. असेल, तर चाळीस वर्षं आपण उगाच तोंड फिरवलं. दोन्हीची तिला भीती वाटत होती.

डॉक्टरने मध्यस्थी केली. गावच्या खाणावळीत मागची खोली ठरली. फोल्कमारचा मुलगा एक्केहार्ड बगलेत बटाट्याचं पोतं घेऊन आला. गेर्लिंडेने मला टॉवेलात धरलं होतं. आतेबहीण-मामेभाऊ समोरासमोर बसले आणि कोणीच काही सोडेना.

"आधी तू दाखव," ती म्हणाली.

"का? तुझं काय ते दाखव की."

"तुझ्या पोत्यात बटाटे निघाले तर?"

"तर उकडून खाऊ. तुझ्या टॉवेलात लाटणं नाही कशावरून?"

शेवटी वैतागून डॉक्टरनेच दोन्ही ओढून घेतलं.

तो माझाच दस्ता होता. दोन्हींवर कोरलेला नंबर जुळला, पण नंबराकडे बघतंय कोण? तो तेलाने नुसता चकाकत होता. एक ओरखडा नाही, एक भेग नाही. आणि त्याच्या शेजारी मी, तांबडी, खरबरीत. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"माळ्यावर सुक्या सफरचंदांच्या पेटीखाली असायचा," एक्केहार्ड म्हणाला. "शिकारीचा मोसम आला की बाबा काढायचे, जवसाचं तेल लावायचे. म्हणायचे, ओट्टोमार नळी घेऊन येईल, तेव्हा दस्ता तयार हवा. आई चिडायची. ज्याने मार खाऊन तुमचं नाव सांगितलं, त्याची वाट कसली बघता, म्हणायची."

"माझ्या बाबांनी?"

"आमच्याकडे असंच म्हणायचे."

"आमच्याकडे मामाचं नाव घ्यायचे," गेर्लिंडे म्हणाली, आणि टॉवेल तोंडाला लावून रडायला लागली.

मग नाव कळवलं कोणी? ते दोघांनाही माहीत नाही. मला काही जणांचा संशय आहे, पण आता मी गप्प बसते.

डॉक्टरने स्क्रू घट्ट केले आणि मी पुन्हा सबंध झाले. त्याने चेकबुक काढलं. एक्केहार्ड म्हणाला, "थांबा. आधी हिचा गंज काढायला हवा. माझ्याकडे परवाना आहे, मी काढतो." गेर्लिंडेने डोळे पुसले. "नळी ने. दस्ता माझ्याकडे राहू दे. मामाने सांभाळला, आता मी तेल लावते." डॉक्टरने कपाळाला हात लावला आणि माझे स्क्रू पुन्हा काढले.

तर सध्या मी एक्केहार्डच्या कामाच्या टेबलावर असते. दर रविवारी गेर्लिंडे केक घेऊन विचारायला येते, "झाली का रे?" तो म्हणतो, "कुठे गं, अजून बराच आहे." मग कॉफी होते, बाबांच्या आणि मामाच्या गोष्टी निघतात, आणि ती अंधार पडताना उठते.

माझा गंज केव्हाच गेलाय. मी आरशासारखी लख्ख आहे. तो मुद्दाम वेळ काढतोय, आणि तिलाही ते ठाऊक आहे असा मला दाट संशय आहे. एक विनंती करते. तुम्ही कोणाकडूनही आला असलात, तरी त्या डॉक्टरला यातलं काही सांगू नका.