चंद्रभागेचं पोर

माझ्या आधीची तिन्ही पोरं सटवाईने नेली, असं आई म्हणायची. म्हणून मी जन्मलो तसं तिने मला उकिरड्यावर ठेवलं. शेजारच्या चंद्रभागाबाईने उचललं आणि आईने सूपभर कोंडा देऊन मला तिच्याकडून सांभाळायला घेतलं. त्यावरून माझं नाव कोंडाजी.

असं पुष्कळ घरांत करतात आणि विसरतात. आई विसरली नाही. पंचवटीतल्या आमच्या खोलीत ती दर शुक्रवारी सटवाईपुढे दहीभात ठेवायची आणि दाराकडे बघून मोठ्याने सांगायची, "हे पोर चंद्रभागेचं हाय. माझं कोणी नाय." मला घास भरवतानाही हेच, शाळेत मास्तरांपुढेही हेच. मनमाडला रेल्वेत नोकरी लागली तेव्हा पेढे तिच्यापुढे धरले, तर म्हणाली, "आधी चंद्रभागेला दे. पोरगा तिचा." मला भयंकर राग यायचा. दारात कधीच कोणी नसायचं.

चौऱ्याऐंशी साली आई गेली. शेवटच्या दिवशी मी तिचा हात धरून म्हणालो, "आई, आता तरी एकदा मला 'माझा' म्हण." तिने दाराकडे पाहिलं, हात सोडवून घेतला आणि म्हणाली, "चंद्रभागेचा हायेस तू."

तेरावं झालं आणि माझी मुलगी तापाने फणफणली. भर दुपारी तिला मांडीवर घेऊन बसलो होतो. उघड्या दारातून उंबऱ्यावर सावली पडली. आत कोणी आलं नाही. सावलीही हलली नाही.

मी पोरीला मांडीवरून खाली ठेवलं.

"शेजाऱ्यांची आहे," मी दाराकडे बघून म्हणालो.