वैद्यांचा कान

"बॉनेटवर हात ठेव. गरम लागतंय?"

"नाही बाबा, गार आहे."

"मग ठीक. गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून त्याची कुरकुर लपवणारे महाभाग असतात," वैद्यांनी डीलरला ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं. डीलर हसला. त्याला हे टोमणे पाठ होते.

वैद्य म्हणजे जुन्या गाड्या पारखून देणारे मेकॅनिक. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर आणि मूठ कानाला लावून ते आतलं दुखणं सांगत, म्हणून हे नाव पडलं. आज गाडी लेकीसाठी होती. ती डोंगरातल्या वस्त्यांवर बाळंतपणं करणारी नर्स. अडलेल्या बाईला घेऊन गाडी चढावर बंद पडली, तर दोन जीव टांगणीला. आलिशान एसयूव्ही जुनी झाली की नर्सच्याही आवाक्यात येते, पण गाडीची दुखणी श्रीमंतांनाच परवडणारी राहतात.

लेकीचा जीव पांढऱ्या गाडीवर जडला होता.

"नव्या मॉडेलचं पहिलंच वर्ष," वैद्यांनी नाक मुरडलं. "पहिल्या वर्षी कंपनी आपल्या जिवावर शिकते. मागून बघ, उभ्या उभ्या एका बाजूला बसलीये. हवेचं सस्पेन्शन गळतंय."

शेजारच्या करड्या गाडीचा सीटबेल्ट त्यांनी शेवटपर्यंत ओढला आणि लेबलवरचं बनावटीचं साल वाचलं. "जुन्या मॉडेलचं शेवटचं वर्ष. सगळ्या खोड्या काढून झालेल्या. हीच घ्यायची."

"म्हातारी आहे हो ती, वैद्य," डीलर म्हणाला.

"म्हातारी नाही, मुरलेली!"

डीलरनं करडी गाडी सुरू केली. वैद्यांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले. "खणखणीत!"

"बाबा, टिकटिक येतेय."

"छे!"

"येतेय हो, वैद्य," डीलर हळूच म्हणाला. स्वतःच्याच मालाची खोट त्यानं कबूल केली, तेव्हा वैद्य चपापले. त्यांनी कान बदलला. काहीच नाही. 'मी सांगतोय ना' एवढं म्हटलं असतं, तरी लेकीनं मान डोलावली असती. तेच त्यांना नको होतं.

त्यांनी स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला. "मूठ कानाला लाव. केस सांभाळ, पंखा फिरतोय. कुठून येतेय?"

"वरून. थांबा... कमी झाली. बाबा, थांबली!"

"जरा रेस द्या हो," ते डीलरला म्हणाले. "आता?"

"नाही. एकदम साफ."

"उभ्या गाडीत इंजिनाचं तेल खाली उतरतं. ते वर चढेपर्यंत कुरकुरणारच. थांबली ना? मग तब्येत ठणठणीत." त्यांचा आवाज पुन्हा पूर्वीसारखा झाला. "थांबली नसती, तर मीच नको म्हटलं असतं."

व्यवहार झाला. लेक स्टिअरिंगवर बसली, वैद्य शेजारी. डीलर खिडकीशी वाकला. "पुढच्या आठवड्यात दोन गाड्या येतायत. याल ना बघायला?"

इंजिनाच्या आवाजात वैद्यांना ते नीट ऐकू आलं नाही. त्यांनी लेकीकडे पाहिलं. तिनं प्रश्न पुन्हा सांगितला.

"हिला सुट्टी असेल त्या दिवशी येऊ," ते म्हणाले, आणि स्क्रूड्रायव्हर पुसून त्यांनी तिच्या बाजूच्या दाराच्या कप्प्यात ठेवायला दिला.