झोपलेल्या अलार्मचा करंट

कतारगामच्या त्या गाळ्यात उज्ज्वलाचं काम होतं तयार माल तपासून पास करायचं. माल म्हणजे कमरेच्या पट्ट्याला अडकवायचा छोटासा गॅस अलार्म. डाइंग मिलच्या सांडपाण्याच्या टाक्या साफ करायला माणसं आत उतरतात. तळाशी विषारी गॅस साठलेला असला की हा अलार्म बोंबलायचा. खोक्यावर छापलेलं होतं: बॅटरी एक वर्ष.

उज्ज्वलाचे वडील दगाभाऊ डिंडोलीतल्या घरून रोज अशाच एका मिलमध्ये कामाला जायचे. टाकीत उतरणारी माणसं तिला नावानिशी ठाऊक होती. त्यामुळे जूनमध्ये मिलला नमुना म्हणून दिलेला अलार्म गणपतीच्या आत मुका होऊन परत आला, तेव्हा ती तो घेऊन तडक मालकांकडे गेली.

"सेल खराब असेल," मालक मगनभाई म्हणाले आणि त्यांनी नवा सेल घालून मल्टीमीटर लावला. अलार्म बहुतेक वेळ झोपलेला असतो. मधूनच जागा होतो, हवा तपासतो, परत झोपतो. मीटर सहा मायक्रोअँपिअर दाखवत होता, म्हणजे नसल्यातच जमा. "बघ, बेन. मीटर काय खोटं बोलतो?"

"खोटं नाही, पण तो सावकाश आहे. आकडा मधेच दचकतो, बघा. अलार्म पापणी लवायच्या आत जागा होऊन झोपतो. तेवढ्यात किती करंट ओढतो, ते याला कळतच नाही."

"मीटरची पिन सैल असेल. किती ओढतो ते तुला तरी कुठे कळलंय?"

"अजून नाही. शोधून काढते."

घरी तिचा कॉलेजातला मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅम घालून चालवायचा छोटा बोर्ड, पडून होता. सेलच्या वाटेत एक छोटा रेझिस्टर घालायचा. त्याच्यावर पडणारा इवलासा व्होल्टेज मोठा करायचा आणि मायक्रोकंट्रोलरने सेकंदाला हजारो वेळा वाचून बेरीज करत राहायचं. ऐकायला सोपं. पण काही जोडलेलं नसतानाही तिचं यंत्र आकडे फेकू लागलं. गल्लीतले लूम, डोक्यावरची ट्यूबलाइट, सगळ्यांच्या विजेचा गोंगाट त्यात शिरत होता. सोल्डरिंगनंतर उरलेला चिकट थर दमट हवेत ओलावून स्वतःच करंट झिरपू देत होता. तिने बोर्ड स्पिरिटने घासून काढला आणि बाहेरचा गोंगाट आत शिरू नये म्हणून स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यात बंद केला.

"मना डबा कथा गया?" डबा शोधत तिच्या आईने, शोभाबाईंनी विचारलं.

"त्यामा करंट शे, आई."

"मंग हात लावू का नको?"

उज्ज्वलाला हसू आलं, कित्येक दिवसांनी. मग तिने नेमक्या मापाचा रेझिस्टर लावून, हिशोबाने जेवढा जायला हवा तेवढाच करंट सोडून पाहिला. यंत्र तेवढाच आकडा सांगेपर्यंत तिने अलार्मला हात लावला नाही. शेवटी जोडला तेव्हा दिसलं: हवा तपासून झाल्यावरही एक चिप दर वेळी आणखी क्षणभर उगीच जागी राहत होती. वर्ष सोडाच, सेल तीन महिने जेमतेम पुरला असता.

मगनभाईंनी ते तिने काढून आणलेल्या आलेखाकडे न बघताच उडवून लावलं. "हे घरगुती यंत्र माझ्या मीटरपेक्षा शहाणं? माल पास कर."

"नाही करणार."

"वैभव करेल."

शेजारच्या टेबलाशी अलार्मचा प्रोग्रॅम लिहिणारा वैभव खाली मान घालून बसला.

"करू दे. मी गिऱ्हाइकाला सांगेन."

आणि तिने सांगितलं. मिलच्या सुरक्षा अधिकारी गायत्रीबेन माल बघायला आल्या, तशी ती डबा घेऊन पुढे झाली. मगनभाई हसत म्हणाले, "छोकरी नवी आहे, घाबरते जरा."

गायत्रीबेन हसल्या नाहीत. "तुझं यंत्र चुकत नाही कशावरून?"

"तुम्हीच रेझिस्टर निवडा. किती करंट जाईल ते काढा, मला सांगू नका. मग यंत्र काय म्हणतं ते बघा."

गायत्रीबेननी मोबाइलवर हिशोब केला. आकडा जुळला. दुसरा रेझिस्टर घेतला, तोही जुळला. मग उज्ज्वलाने अलार्म जोडला. तो जागा झाला की लॅपटॉपच्या पडद्यावर करंटचा एकेक उंच सुळका उठू लागला, तशा गायत्रीबेन खुर्ची ओढून बसल्या.

"हे दुरुस्त होईपर्यंत माल नको," त्या उठताना म्हणाल्या. "आणि प्रत्येक नग या यंत्रावर तपासून हवा."

त्या गेल्यावर मगनभाईंचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला. "उद्यापासून येऊ नकोस!"

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर हजर.

"काल सांगितलं ते ऐकलं नाहीस?"

"ऐकलं. पण ती चिप अजून जागीच आहे." तिने ओढणी खोचली आणि खुर्ची ओढली.

मगनभाई तणतणत बाहेर गेले. वैभव आपली खुर्ची घेऊन तिच्याजवळ आला. प्रोग्रॅममध्ये चिपला झोपवायची ओळ त्याच्याकडून राहून गेली होती; ती घातल्यावर सुळके लगेच बारीक झाले. सेल वर्षभर आरामात पुरेल, असं यंत्र सांगू लागलं.

मगनभाईंनी तिला काढलं नाही, पण कितीतरी दिवस तिच्याशी बोललेही नाहीत. निरोप वैभवकरवी यायचे. माल निघायच्या दिवशी एक अलार्म यंत्रावर नापास ठरला. मगनभाई दारात उभे होते.

"एकाने काय होतं?" ते भिंतीकडे बघत म्हणाले.

"हा कुणाच्या तरी कमरेला असणार," उज्ज्वला म्हणाली आणि तो अलार्म तिने खोक्यातून बाहेर काढून ठेवला.