दुसऱ्या चौकटीतला कागद

आता रवान काही दुष्ट पोरगी नव्हती. पण जिभेपेक्षा तिचं पेन तिखट, आणि त्यानंच तिला त्या दिवशी तोंडघशी पाडलं.

अम्मानच्या आरोग्य खात्यात ती इंजिनिअर. डोंगरातल्या दवाखान्यांसाठी संगणकावरून बोलायची एक नवी यंत्रणा घ्यायची होती. तिच्यात दोन चित्रं एकदम दिसत. एका चौकटीत माणसाचा चेहरा, दुसरीत टेबलावरचा कागद नाहीतर एक्स-रे. ती कशी चालते हे तपासणं रवानचं काम. तिकडे डोंगरात, तफीला गावाजवळच्या दवाखान्यात, सिस्टर इंतिसार यंत्रापुढे बसल्या होत्या. तीस वर्षं त्यांची नोकरी तिथंच झाली होती. वापरणाऱ्याबद्दल रवाननं फॉर्मवर चार ओळी लिहायच्या, आणि त्यावरून खातं ठरवणार की यंत्रापाशी कोण राहील आणि कुणाची शहरात बदली होईल.

तपासणी रखडली. काहीही विचारा, सिस्टर नुसत्या बघत राहायच्या, मग सावकाश उत्तर द्यायच्या. रवानच्या शेजारी बसलेले डॉक्टर मुनीब चहाचा घोट घेत पुटपुटले, "बाईंना डुलकी लागली की काय?" रवान हसली. तपासणीसाठी टेबलावर ठेवलेल्या नमुन्याच्या कागदावरच फॉर्म ठेवून तिनं चार ओळी खरडल्या.

मग पुढचा प्रश्न. "सिस्टर, दुसऱ्या चित्रातलं अक्षर वाचता येतंय का?"

"येतंय."

"मोठ्यानं वाचून दाखवा."

सिस्टर पडद्याकडे वाकल्या. मग म्हणाल्या, "सगळं वाचू?"

"सगळं. तपासणीच आहे ना."

त्यांनी चष्मा सावरला. "वय अठ्ठावन्न. बाईंचं डोकं चालत नाही. यांच्या हाती यंत्र देणं म्हणजे यंत्र वाया घालवणं. बदली करून तरुण मुलगी द्यावी." एकही शब्द न गाळता, औषधाची चिठ्ठी वाचावी तसं त्यांनी वाचलं.

रवाननं वर पाहिलं. टेबलावरचा कॅमेरा थेट तिच्या फॉर्मवर रोखलेला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर मुनीब पेल्यात बघत बसले.

"सिस्टर, माफ करा, मी..."

"का गं? वाचताना चुकलं का काही?"

"नाही. तुम्ही उत्तराला इतका वेळ का लावत होतात?" रवाननं विचारलं.

"तुझा आवाज आधी येतो, पोरी, चेहरा मागाहून. शब्द संपतात तरी ओठ हलतच असतात. मला वाटायचं, तुझं अजून बोलायचं राहिलंय. समोरचा बोलत असताना मध्ये तोंड घालायची आमच्याकडे रीत नाही."

म्हणजे दोष यंत्राचा. तोच शोधायचा पगार मिळत होता हिला, आणि ही बया तासभर यंत्र सोडून बाईच तपासत बसली होती.

रवाननं त्या ओळींवर काट मारली. खाली लिहिलं, 'आवाज पुढे, चित्र मागे. दोष यंत्रणेचा. सिस्टरना इथंच ठेवावं.' पलीकडे अक्षर न् अक्षर दिसत होतं. आता काहीही चांगलं लिहिलं तरी ते पकडली गेली म्हणून लिहिलेलं, हे तिला कळत होतं आणि त्यांनाही.

सिस्टरनी शेवटपर्यंत वाचलं. मग हळूच म्हणाल्या, "वय तेवढं दुरुस्त कर. चोपन्न आहे."

रवाननं चोपन्न लिहिलं. मान मात्र तिला वर करवेना.