नाव घेऊन

“काका, लाठी उगारा आणि धावत गर्दीत घुसा,” दिग्दर्शक तिसऱ्यांदा म्हणाला.

सिद्दीकमामा जागचे हलले नाहीत. हवालदार म्हणून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. टीव्हीवरच्या गुन्हेमालिकेचं शूटिंग वरवंडच्या बाजारतळावर होतं, आणि खरा हवालदार हवा म्हणून त्यांना बोलावलं होतं. प्रसंग असा, की मिरवणूक मशिदीपुढं अडते, दोन्हीकडचे हमरीतुमरीवर येतात आणि पोलीस सगळ्यांना झोडपून काढतात. गर्दीला उभे होते ते गावातलेच साठेक जण.

“साहेब, असं मारलं की पुढची धा वर्षं निस्तरावं लागतं,” मामा म्हणाले. “नोकरीत दोनदा म्या असा जमाव थांबवलाय. एकदाबी लाठी उचलली न्हाई.”

“मग काय केलंत?”

मामांनी लाठी काखेत मारली आणि ते गर्दीत शिरले. “पोपटराव, गुडघं दुखत्यात न्हवं? बसा त्या पायरीवर. अलीम, दुकान उघडं टाकून आलास व्हय? जा बाबा. शंभू, आय वाट बघत आसंल.”

आवाज जराही चढला नाही. खोटं भांडायला उभी राहिलेली माणसं खरोखरच ओशाळली आणि एकेक करून बाजूला झाली. कॅमेरा चालूच राहिला.

तो भाग लागला त्या संध्याकाळी पोपटरावांच्या ओसरीवर आळी जमली. पडद्यावर मात्र मामांच्या जागी गर्दीत शिरला तो मालिकेतला देखणा इन्स्पेक्टर; तोच प्रसंग नंतर त्याला घेऊन पुन्हा केला होता. नावं बदलली होती, पण पायरी तीच, गुडघेदुखीही तीच. मामांची नुसती पाठ दिसली.

“अब्बा, तुमचं तोंडच न्हाई दाखवलं,” त्यांची लेक सुफिया हिरमुसून म्हणाली.

“काम बरूबर दाखवलं की,” मामा म्हणाले. ओसरीवरचे लोक पडद्याकडं कमी आणि त्यांच्याकडंच जास्त बघत होते. मामा ताठ बसले.

गावात नुकतीच नेमणूक झालेली पोलीस शिपाई शीतल मागं बसली होती. ती पुढं सरकली. “मामा, गावातली नावं मला सांगाल? लिहून घेते.”

“लिहून न्हाई यायची ती. सकाळी या, ताई. घरोघर च्या प्यावा लागंल.”

सकाळी इस्त्रीचा सदरा घालून मामा तिच्याबरोबर निघाले. प्रत्येक दाराशी ते अर्धं पाऊल मागं थांबत होते. आतून येणाऱ्याला आधी ती दिसावी म्हणून.